माझ्या मॉडेलने एखादा कागद चुकवला तर?

माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या, एआयमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींकडून हल्ली एक प्रश्न सारखा येतो, की मॉडेलच्या चुकीमुळे कोणाचं नुकसान झालं तर दोष माझाच ना? लीगल टेकमधल्या, म्हणजे वकिलांच्या कामासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीतल्या, एका मशीन लर्निंग इंजिनिअर मुलीची केस सांगते, ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत.

तिचं काम असं की दावा चालू झाला की ईमेल, करार, कागदपत्रं यांचा जो डोंगर गोळा होतो त्यातून केसशी संबंधित काय ते मॉडेलने वेगळं काढायचं, बाकीचं वकील बघतही नाहीत. हे 'बघतही नाहीत' तिच्या डोक्यात रुतून बसलेलं. रात्री उठायची, लॅपटॉप उघडून मॉडेलने बाजूला टाकलेले दहा-वीस ईमेल वाचायची, जरा बरं वाटलं की झोपायची आणि थोड्या वेळाने परत तेच. मित्रांना विचारायची, ते म्हणायचे अगं ठीक आहे सगळं, तेवढ्यापुरतं शांत. अशा तपासण्याने मिळालेला दिलासा टिकत नाही, उलट पुढच्या वेळी अजून जास्त तपासावं लागतं, हे मी तिला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

तिच्या काळजीला खतपाणी मिळालं ते 2023 मधल्या न्यूयॉर्कच्या बातमीने. वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दाखल केले आणि 5,000 डॉलरचा दंड बसला. "बघा मॅडम, एआय काय करतं," ती म्हणाली. मी विचारलं, दंड कोणाला झाला गं? वकिलांना आणि त्यांच्या फर्मला. संशय घेतला गेल्यावरही ते त्याच निकालांना चिकटून राहिले, कोर्टाला खटकलं ते हे. हा भाग तिने वाचलाच नव्हता.

मग मी कागदावर एक गोल काढायला लावला. जबाबदारीचे वाटे पाडायचे, पण आधी इतरांचे, स्वतःचा सगळ्यात शेवटी. सही करणारा वकील, कुठवरचे कागद कामाचे धरायचे तो कटऑफ ठरवणारी कंपनी, मॉडेलला शिकवायला कागदांवर 'कामाचा', 'बिनकामाचा' अशी लेबलं लावणारे, घाईची डेडलाइन. सुरुवातीला ती जवळजवळ सगळा गोल स्वतःच्या नावावर घेऊन बसली होती, आता उरला तो वाटा लहान होता पण शून्य नव्हता, आणि मला तो शून्य करायचाही नव्हता. नुसतं "तुझी काही चूक नाही गं" म्हणून पाठवणं मला पटत नाही.

पुढच्या वेळेपर्यंत एक शोधून आण म्हटलं, अशी मॉडेलं नव्हती तेव्हा माणसं किती कागद चुकवायची? तिने ब्लेअर आणि मॅरन या संशोधकांचा 1985 चा अभ्यास आणला. सुमारे 40,000 कागदपत्रांची केस, कॉम्प्युटरवर शब्द टाकून शोध, वकिलांना खात्री की आपल्याला 75 टक्के तरी सापडलेत, प्रत्यक्षात कामाच्या कागदांपैकी सापडले होते 20 टक्क्यांच्या आसपास! ती हसली, बऱ्याच दिवसांनी असावी. पण लगेच म्हणाली, "म्हणजे खात्री वाटणं हाच घोळ आहे ना."

तिथे खरी गोष्ट बाहेर आली. कंपनी क्लायंटला रिकॉलचा, म्हणजे कामाच्या एकूण कागदांपैकी मॉडेलला किती सापडतात त्याचा, जो आकडा सांगते तो मॉडेलची चाचणी घेतलेल्या जुन्या कागदांवरचा, नव्या केसमध्ये बाजूला टाकलेल्या ढिगातून रँडम सॅम्पल काढून कोणी वाचतच नाही. म्हणजे भीती अवाढव्य असली तरी तिच्या पोटात एक रास्त तक्रार होती, आणि रात्री ती करत होती ते काम बरोबरच होतं, फक्त चुकीच्या वेळी, एकटीने, हाताला येईल ते उचलून आणि कुठे नोंद न ठेवता. तिनेच मला गणित समजावलं: 300 कागद रँडम काढून वाचले आणि एकही कामाचा निघाला नाही, तर 95 टक्के खात्रीने म्हणता येतं की ढिगात कामाचे कागद साधारण एक टक्क्यापेक्षा कमी आहेत. "पण ढीग दहा लाखांचा असेल तर एक टक्का म्हणजे दहा हजार कागद हो मॅडम!" मग हेच क्लायंटला लिहून द्या ना, मी म्हटलं, किती धोका चालेल ते ठरवणं त्यांचं आणि त्यांच्या वकिलाचं काम, तुझं काम आकडा खरा सांगणं.

तिने मॅनेजरला लेखी दिलं. आधी वेळ नाही म्हणाले, मग एका केसपुरतं सॅम्पल वाचायला वकील दिला. घरी मात्र तपासणी बंद, हा आमचा करार, मोडते कधीकधी. आकडा रिपोर्टमध्ये छापायचा की नाही यावर ऑफिसात अजून वाद चालू आहे आणि त्या वादात ती आता गप्प बसत नाही.