स्वस्तातला डॅशकॅम कोणता घ्यावा आणि तो घरच्या घरी बसवता येतो का?

तुम्ही लिहिलंय की डॅशकॅम, म्हणजे समोरच्या काचेवर बसवून रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा, घ्यायचाय, पण बजेट कमी आहे, प्रत्येक खोक्यावर ‘४के’ छापलेलं असतं, मग निवडायचं कशावरून? शिवाय वायर स्वतः ओढली तर गाडीची बॅटरी उतरेल की काय, ही भीती. बसवण्याचं आधी सांगतो: एका सकाळीत होतं, फार हत्यारंही लागत नाहीत. एका जागी मात्र जिवाचा प्रश्न आहे, ती जागा पुढे येईल.

माझा हा तिसरा डॅशकॅम. पहिला उन्हानं गेला. एका दुपारी गाडीत बसलो तर कॅमेऱ्याचं मागचं झाकण उचललं गेलेलं आणि फटीतून चंदेरी बॅटरी दिसत होती, उशीसारखी टम्म फुगलेली. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काचेलगतचा भाग ७० अंशांपर्यंत तापू शकतो आणि लिथियम बॅटरीला ते मुळीच सोसत नाही. तेव्हापासून मी खोक्यावर सगळ्यात आधी ‘सुपरकॅपॅसिटर’ (बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा भाग) हा शब्द शोधतो. कॅपॅसिटरमध्ये काही सेकंदांपुरतीच वीज राहते, पण गाडी बंद झाल्यावर चालू फाइल नीट सेव्ह करून बंद करायला तेवढी पुरते. स्वस्त कॅमेऱ्यातही कॅपॅसिटर मिळतो. तो नसेल तर बाकी काहीही असलं तरी मी तो कॅमेरा घेणार नाही.

आता त्या ‘४के’बद्दल. खऱ्या ४के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात. स्वस्त कॅमेऱ्यात बऱ्याचदा सोनीचा आयएमएक्स३३५ सेन्सर (चित्र टिपणारी चिप) असतो. सेन्सर चांगला आहे, पण तो ५ मेगापिक्सेलचा, म्हणजे सुमारे ५० लाख पिक्सेलचा. त्यावर ४के लिहिलं असेल तर चित्र नुसतं ताणून मोठं केलेलं असतं. फाइल फुगते, नंबरप्लेट काही जास्त वाचता येत नाही. म्हणून सेन्सरचं नाव शोधा. ते कुठेच दिलेलं नसेल तर तो कॅमेरा सोडून द्या. कमी पैशांत प्रामाणिक १४४०पी (४केपेक्षा कमी बारकाव्याचं चित्र) मिळालं तर उत्तम, त्याहून एक पायरी खालचं प्रामाणिक १०८०पीसुद्धा चालेल. लेन्सचा कोन १३० ते १४० अंश पुरे. १७० अंशांत दोन्ही बाजू दिसतात खऱ्या, पण समोरची गाडी लांब गेल्यासारखी बारीक दिसते आणि तिचा नंबर हरवतो. रात्री धावत्या गाडीचा नंबर स्वस्त कॅमेऱ्यात क्वचितच वाचता येतो, हे आधीच धरून चाला. पण कोण कुठून आलं, सिग्नल कोणता होता, ब्रेक कधी लागला, हे नीट दिसतं आणि भांडणात बहुतेक वेळा तेच लागतं.

स्क्रीन, आवाजी सूचना, लेन सुटल्याचा इशारा यांवर पैसे घालू नका. ते पैसे मेमरी कार्डावर घाला. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण माझ्यावर वेळ आली होती. सिग्नलला उभा असताना मागून धक्का बसला, माझी गाडी पुढच्या गाडीवर गेली आणि मागचा माणूस म्हणू लागला की आधी मीच पुढच्याला ठोकलं. मला वाटलं, कॅमेरा आहे ना! घरी येऊन कार्ड काढलं तर शेवटची फाइल तीन आठवड्यांपूर्वीची. कॅमेऱ्याचा लाल दिवा रोज लुकलुकत होता, कार्ड मात्र केव्हाच मेलं होतं.

ते का मेलं, याचा हिशोब सोपा आहे. १०८०पीला सेकंदाला १५ मेगाबिट धरले तर तासाला पावणेसात जीबी होतात. ६४ जीबीचं कार्ड साधारण ९ तासांत भरतं आणि मग जुन्यावर नवं लिहिणं सुरू होतं. रोज दोन तास गाडी चालली तर चार-पाच दिवसांत अख्खं कार्ड एकदा पुसून लिहिलं जातं. फोनमधलं साधं कार्ड या कामासाठी बनलेलंच नसतं. ‘हाय एन्ड्युरन्स’ (सतत पुसून लिहिणं सोसणारं) लिहिलेलं घ्या, कॅमेरा कमाल किती जीबीचं कार्ड घेतो ते आधी पाहा आणि कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करा.

बसवायची जागा म्हणजे आरशाच्या मागे, वायपर फिरतो त्या पट्ट्यात. पावसाचा सेन्सर किंवा गाडीचा स्वतःचा कॅमेरा तिथे असेल तर तो झाकू नका. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, पूर्ण वाळू द्या, डबल टेप अर्धा मिनिट दाबून धरा. कॅमेरा लगेच टांगू नका, नुसता माउंट (कॅमेरा अडकवायचा भाग) एक दिवस राहू द्या. गार काचेवर टेप नीट धरत नाही.

वायर छताच्या कापडाच्या कडेत बोटानं सरकवत न्या. मग येतो ए-पिलर, म्हणजे काच आणि दरवाजा यांच्यामधला खांब, आणि हीच ती जपायची जागा. पिलरवर एअरबॅगचं चिन्ह असेल तर आत पडद्यासारखी एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. वायर तिच्यावरून गेली तर अपघातात ती अडू शकते किंवा वायर तोंडावर फेकली जाऊ शकते. वायर एअरबॅगच्या मागूनच जायला हवी, तिथल्या मूळ वायरिंगला प्लास्टिकच्या टायनं बांधून. त्यासाठी पिलरचं आवरण काढावं लागतं आणि काही गाड्यांत त्याच्या क्लिपा एकदाच वापरायच्या असतात. आधी गाडीच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटं थांबा. जरा जरी खात्री वाटत नसेल तर एवढा वीतभर भाग मेकॅनिककडून करून घ्या. बाकीचं सगळं तुम्ही करू शकता.

विजेचं म्हणाल तर सुरुवातीला साधा १२ व्होल्टचा सॉकेटच वापरा, कॅमेऱ्यासोबत आलेल्या चार्जरनं. चावी काढल्यावर सॉकेट बंद होतो का ते बघा, काही गाड्यांत तो चालूच राहतो. बॅटरी उतरते ती अशा सॉकेटमुळे किंवा पार्किंग मोडमुळे, म्हणजे गाडी उभी असतानाही कॅमेरा चालू ठेवल्यामुळे. ३ वॉट खाणारा कॅमेरा दिवसभरात ६ अँपिअर-तास ओढतो. लहान गाडीची बॅटरी ४० अँपिअर-तासांच्या आसपासची असते. चार-पाच दिवस गाडी हलली नाही की स्टार्टर फिरणार नाही. पार्किंग मोड हवाच असेल तर व्होल्टेज कट-ऑफ (बॅटरी ठरावीक व्होल्टच्या खाली गेली की वीज तोडण्याची सोय) असलेला हार्डवायर किट, म्हणजे कॅमेरा थेट फ्यूज बॉक्सला जोडायचा वायरसंच, लावा आणि कट-ऑफ १२.२ व्होल्टवर ठेवा. फ्यूज बॉक्समधून वीज घेताना फ्यूज-टॅप (फ्यूजच्या जागी बसून जादा वायर जोडू देणारा तुकडा) वापरा. रेडिओ किंवा सॉकेटचा फ्यूज चालेल. एअरबॅग, एबीएस आणि इंजिनच्या फ्यूजना हात लावू नका. कोणता फ्यूज चावीबरोबर बंद होतो ते मल्टिमीटरनं तपासा, अंदाजानं नको.

सेटिंगमध्ये तारीख-वेळ अचूक भरा, चुकीच्या वेळेच्या चित्रणावर लगेच शंका घेतली जाते. जी-सेन्सर (धक्का ओळखणारा सेन्सर) ‘लो’वर ठेवा, नाहीतर प्रत्येक खड्ड्याला तो अपघात समजतो, फाइल लॉक करतो आणि लॉक झालेल्या फाइलींनीच कार्ड भरून जातं. गाडीतली बोलणी नोंदवायची नसतील तर माइक बंद करा.

पहिल्याच रात्री एक फेरी मारून या आणि चित्रण फोनवर न बघता कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर बघा. डॅशबोर्डचं प्रतिबिंब दिसत असेल तर कॅमेऱ्याचा कोन थोडा बदलून बघा. मग दर महिन्याला कार्ड काढून शेवटच्या फाइलची तारीख बघायची आणि पुन्हा फॉरमॅट करायचं. मी पहिल्या रविवारी गाडी धुताना करतो, पाच मिनिटं लागतात.