फिट झोपेतच येतात आणि दोन महिन्यांत बाळंतपण आहे, रात्रीची जागरणं कशी झेपणार?

माझ्या बायकोचंही अगदी हेच होतं, म्हणून लिहितोय.

सगळ्यात जास्त जपायचं ते झोपेला. झोप मोडली की फिट येण्याची शक्यता वाढते, त्यामुळे रात्र आधीच वाटून घ्या. आमच्याकडे दहा ते तीन बाळ माझं. काढून ठेवलेलं दूध मी वाटीचमच्याने पाजायचो, ती सलग झोपायची. दिवसा डुलकी काढाच, पण सलग पाच तासांची सर तिला नाही.

गोळ्या स्वतःहून कमी करू नका, 'बाळाला बाधेल' असं कोणी कितीही म्हणो. लॅमोट्रिजिन (फिटवरचं एक औषध) चालू असेल तर गरोदरपणात त्याची रक्तातली पातळी घटते, म्हणून बऱ्याचदा डोस वाढवतात. बाळंतपणानंतर ती पातळी पुन्हा चढते. वाढवलेला डोस कधी आणि किती उतरवायचा हे न्यूरॉलॉजिस्टकडून आत्ताच लिहून घ्या, नंतरच्या धावपळीत राहून जातं. अंगावर पाजणं बहुतेक औषधांवर चालतं, तरी तुमच्या गोळीचं नाव सांगून विचारा.

बाळाला तुमच्या अंथरुणात घेऊन झोपू नका, शेजारी वेगळं झोपवा. लंगोट जमिनीवर चटई टाकून बदला. आंघोळ एकटीने घालू नका.

आणि रात्री खोलीत कोणीतरी हवंच. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच ॲम्ब्युलन्स. हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा.