वाचकांचे प्रश्न : एवढ्या लवकर एवढे वस्तुमान आले कोठून?

प्रश्न : कृष्णविवर सर्व काही गिळते, तर आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर आपल्याला का गिळत नाही? शिवाय विश्वाच्या बालपणातच प्रचंड कृष्णविवरे सापडल्यामुळे महाविस्फोटाचा (बिग बँगचा) सिद्धांत खोटा ठरला, असे माझा मुलगा म्हणतो. त्याला काय सांगावे?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पहिल्या शंकेचे निरसन सोपे आहे. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचे कृष्णविवर ठेवले, तरी पृथ्वी आजच्याच कक्षेत फिरत राहील, कारण दुरून जाणवते ते केवळ वस्तुमान. आपल्या केंद्रातील कृष्णविवर सुमारे ४३ लाख सूर्यांइतके जड असले, तरी ते आपल्यापासून जवळपास २७,००० प्रकाशवर्षे दूर आहे. त्याची दिशा मात्र नागपुरातून सहज पाहता येते. मे महिन्यात रात्री दोन-अडीचच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण ४० अंशांवर, मूळ नक्षत्राच्या वर, किंचित डावीकडे पाहावे.

दुसरी शंका अधिक मोलाची आहे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या एका क्वेसारमधील (म्हणजे वायू गिळणाऱ्या कृष्णविवरामुळे अतिशय तेजस्वी दिसणाऱ्या दीर्घिकेच्या, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहाच्या, केंद्रातील) कृष्णविवर १६० कोटी सूर्यांइतके जड आहे आणि आपल्याला दिसते ते महाविस्फोटानंतर अवघ्या ६७ कोटी वर्षांनी होते तसे. कृष्णविवरात वायू पडताना तापतो, त्यातून निघणारे प्रारण मागून येणाऱ्या वायूला बाहेर रेटते, आणि त्यामुळे वाढीला मर्यादा पडते. या मर्यादेत राहून वस्तुमान दुप्पट व्हायला ढोबळमानाने साडेतीन कोटी वर्षे लागतात. मृत ताऱ्यापासून उरलेल्या १०० सूर्यांइतक्या बीजाला, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या कृष्णविवराला, १६० कोटींवर पोहोचण्यासाठी असे २४ टप्पे, म्हणजे सुमारे ८४ कोटी वर्षे हवीत. एवढा काळ तेव्हा उलटलेलाच नव्हता!

परंतु या हिशेबातले सर्वांत कच्चे गृहीतक बीजाच्या आकाराचे आहे. वायूचा अवाढव्य ढग लहान ताऱ्यांमध्ये न विखुरता एकदम कोसळला आणि बीजच एक लाख सूर्यांइतके जड निघाले, तर १४ टप्पे, सुमारे ४९ कोटी वर्षे, पुरतात. भारतीय वंशाच्या खगोलशास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन यांनी ही कल्पना अनेक वर्षे चिकाटीने मांडली आहे. २०२३ मध्ये ‘जेम्स वेब’ आणि ‘चंद्रा’ या दुर्बिणींच्या एकत्रित निरीक्षणांतून महाविस्फोटानंतर ४७ कोटी वर्षांनंतरची ‘यूएचझेड-१’ ही दीर्घिका समोर आली. तिच्यातील कृष्णविवराचे वस्तुमान तिथल्या साऱ्या ताऱ्यांच्या एकत्रित वस्तुमानाच्या तोडीचे असावे, असा अंदाज आहे. आपल्या आकाशगंगेत हे प्रमाण हजारांत एक इतकेही भरत नाही. मर्यादेत राहून हलक्या बीजाला एवढ्या लवकर हे गाठणे अवघड असल्याने जड बीजाच्या बाजूने हा पुरावा मला वजनदार वाटतो, जरी हलके बीज काही काळ मर्यादा ओलांडून झपाट्याने वाढले असण्याची शक्यता अभ्यासकांनी सोडलेली नाही.

म्हणून आपल्या मुलाला असे सांगावे की अडचण खरी आहे, पण ती कृष्णविवरांच्या जन्मकथेत आहे. महाविस्फोटाचा सिद्धांत दीर्घिकांच्या दूर जाण्यावर, १९६५ पासून ज्ञात असलेल्या सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणावर (सर्व आकाशातून येणाऱ्या, विश्वाच्या तप्त बालपणीच्या मंद प्रकाशावर) आणि विश्वातील हायड्रोजन व हेलियमच्या प्रमाणावर उभा आहे, आणि यांपैकी एकही पुरावा कृष्णविवरे किती लवकर वाढली यावर अवलंबून नाही.