कोल्हापुरात बदली झाली आहे. चर्चमध्ये उपासनेनंतर मंडळीतले लोक "घरी जेवायला या" म्हणतात, ते मनापासून असतं की तोंडदेखलं?

मनापासून असतं. बिनधास्त जा. बोलवायचं नसेल तर इथली माणसं सलाम करून सरळ गाडीला किक मारतात.

मीही बाहेरचीच. माहेर नगरचं, लग्न होऊन इथं आले. मंडळीतल्या बायका 'नगरवाली' म्हणून चिडवायच्या, तेव्हा मी ऐकवायचे की तुमचे मिशनरी वाइल्डर साहेबसुद्धा 1852 मध्ये नगरहूनच इथं आले होते. हसायच्या, डबा हातात द्यायच्या आणि निघून जायच्या. जिवाभावाची ओळख मात्र एका कोंबडीमुळे झाली.

हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या सणाला, आपल्याकडे अर्पण केलेल्या वस्तूंचा लिलाव असतो, ते तुम्हाला माहीत असेलच. ऊस, गुळाची ढेप, भोपळे, अंडी, सगळं आवारात मांडलेलं. आमच्या मंडळीत एक कंडक्टर मामा आहेत, एसटीतून रिटायर झालेले. ते दरवर्षी घरची कोंबडी अर्पण करायचे आणि लिलावात स्वतःच बोली लावून परत घरी न्यायचे. "देवाला दिली, आता पैसे मोजून नेतोय, कुणाचं काय गेलं?" मंडळीला हे पाठ होतं, म्हणून त्यांच्यावर चढी बोली कुणी लावत नसे. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी बोली वाढवत गेले, मामाही वाढवत गेले, सगळं आवार गप्प. एकवार, दोनवार, तीनवार. कोंबडी माझी! पायाला लाल नाडी बांधलेली, पिसं तेल लावल्यासारखी चकचकीत. मामा काही न बोलता निघून गेले.

संध्याकाळी दारात हजर. हातात ज्वारीची पुडी. "तुमच्याकडं न्हाई आलो, तिला बघाय आलोय." मी चहा टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मामी यायला लागल्या, मग त्यांच्या घरचा पांढरा रस्सा बरणीतून यायला लागला (कोंबडीचा नव्हे, मटणाचा, मामा कोंबडी खात नाहीत). कापायचा विषय मी पुन्हा काढला नाही. माझ्या बाळंतपणात रात्री रिक्षा घेऊन कोण आलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

आमचे भाऊजी कमिटीवर आहेत. त्यांचं म्हणणं, नाताळच्या प्रीतिभोजनाला केटरर सांगा, कूपन काढा, शिस्त राहते. शिस्त राहते, खरंय. लोक रांगेत उभे राहतात, ताट घेतात, आपापल्या घरच्यांशेजारी बसून खातात आणि जातात. घरोघरून डबे यायचे तेव्हा कुणाची भाजी खारट, कुणाच्या करंज्या फुटलेल्या, यावरून निदान बोलणं तरी व्हायचं. भाऊजी म्हणतात, बायकांना त्रास होतो. त्रास आम्हाला होत होता, तक्रार ते करत होते. ज्या मंडळीत एकमेकांच्या स्वयंपाकघरात जाणं-येणं नाही, तिथं दर रविवारी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं कितीही सुरात म्हणा, ती नुसती हजेरी.

तर जेवायला जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, साधी केळी चालतात. पुरे झालं की रश्श्याच्या वाटीवर हात धरा, रिकामी दिसली की भरलीच. शाकाहारी असाल तर आधीच सांगा. आयत्या वेळी सांगितलंत तर यजमानीण रडकुंडीला येते. सगळीच घरं अशी नसतात, हेही खरं. काही ठिकाणी जेवण कमी आणि मंडळीतल्या भांडणांची माहिती जास्त वाढतात. तिथं मान डोलवा, बाजू घेऊ नका.

भाऊजी हे वाचतीलच. मागच्या नाताळात उरलेल्या कूपनांचा हिशोब अजून दाखवलेला नाही, तेवढं बघा.