फाइल चढेना, प्रेस थांबेना
(छपाईविषयी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देताहेत पुण्यातल्या एक प्रीप्रेस, म्हणजे छपाईआधी पानं तयार करण्याच्या, कामातल्या व्यावसायिक)

प्रश्न : ताई, आम्ही तालुक्याच्या गावाहून दिवाळी अंक काढतो, छपाई पुण्यात होते. यंदा मुखपृष्ठ, जाहिराती, आतली पानं असं सगळं फोल्डर झिप केलं तर पावणेदोन जीबी भरलं. ब्राउझरमधून चढवताना शेवटी शेवटी लाइन तुटते आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात. एकदा कशीबशी फाइल गेली, तर प्रेसवाले म्हणतात उघडत नाही. इंटरनेटचा मोठा प्लॅन घ्यावा का?
– एक संपादक, सांगली जिल्हा

उत्तर : प्लॅनचं नंतर बघू. आधी त्या फोल्डरमध्ये काय काय कोंबलंय ते उघडून बघा. ए-फोर पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), चार रंगांत, न दाबता ठेवलं तर साधारण ३५ एमबी होतं. २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल आणि प्रत्येकी चार बाइट, करा हिशेब. त्यावर चित्रकारानं लेयर, म्हणजे चित्राचे सुटे थर, चढवत नेले की तीच फाइल शेकड्यांत जाते. आता छपाईची प्लेट काढणाऱ्याला त्या लेयरशी काय घेणं? त्याला हवं असतं ब्लीडसकट (कापणीसाठी कडेला जादा ठेवलेल्या भागासकट) तयार पान. लेयरवाली मूळ फाइल तुमच्याकडे जपून ठेवा आणि प्रेसला पीडीएफ द्या, शक्यतो पीडीएफ/एक्स-१ए. छपाईसाठीच बनवलेलं हे आयएसओ मानक २००१चं आहे. त्यात फॉन्ट फाइलच्या आतच असावे लागतात आणि आरजीबी, म्हणजे पडद्यासाठीच्या रंगांतली, चित्रं चालत नाहीत.

‘ओपन फाइलच पाठवा, इथं दुरुस्ती करता येते’ असं काही प्रेसवाले म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे अजून कितीतरी मजकूर युनिकोडपूर्व, म्हणजे मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या जुन्या, फॉन्टमध्ये लावला जातो. तो फॉन्ट समोरच्या मशीनवर नसला की अख्खा अग्रलेख इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा होऊन उघडतो. फॉन्टची दुसरी आवृत्ती असली तर त्याहून वाईट, कारण तेव्हा एखादंच जोडाक्षर बिघडतं आणि ते अंक बांधून आल्यावर दिसतं. पीडीएफ दिली की हा घोर मिटतो आणि आकारही उतरतो. फोटो नसलेली मजकुराची पानं तर चारदोन एमबीत बसतात.

आता लाइनचं. जाहिरातीत मोठ्ठा आकडा असतो तो बहुधा उतरवण्याच्या वेगाचा. तुम्हाला लागतो चढवण्याचा, म्हणजे अपलोडचा, तो विचारून घ्या. शिवाय वेग मोजतात मेगाबिटमध्ये आणि फाइल मेगाबाइटमध्ये, म्हणजे सरळ आठपट फरक. अपलोड ५ एमबीपीएस असेल तर पावणेदोन जीबीला पाऊण तासाच्या वरच लागणार, तेही मध्ये वीज गेली नाही तर. म्हणून जिथं तुटलं तिथून पुढं चालू होईल असाच मार्ग निवडा. गूगल ड्राइव्हचं संगणकावर बसवायचं अ‍ॅप ते करतं. प्रेसकडे स्वतःचा सर्व्हर असेल तर फाइलझिला हे फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर वापरा, तेही अर्धवट फाइल पुढं नेतं. फक्त फाइल पाठवायची साधी एफटीपी पद्धत मागू नका, एसएफटीपी (सगळं सांकेतिक करून पाठवणारी) मागा. एफटीपीचं आज चालणारं मानक १९८५चं आहे आणि त्यात पासवर्ड उघडा जातो. लाइन फारच रडकी असेल तर सेव्हन-झिप या झिप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलचे दोनदोनशे एमबीचे तुकडे पाडा. तुटला तर एकच तुकडा पुन्हा पाठवायचा.

एकाच साइटवर मात्र विसंबू नका. मे २०२०मध्ये दूरसंचार विभागाच्या आदेशावरून वीट्रान्सफर ही मोठ्या फाइली पाठवायची साइट भारतात बंद झाली, तीही ऐन लॉकडाउनमध्ये, माणूस पाठवायची सोय नसताना. दुसरा मार्ग प्रेसशी आधीच ठरवून ठेवा.

राहिलं ‘उघडत नाही’. झिप बहुधा अर्धवट पोचली असणार. सेव्हन-झिप बसवलं की फाइलवर राइट क्लिक करून एसएचए-२५६, म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसाच, काढता येतो. आकडे-अक्षरांची ६४ खणांची ओळ येते आणि फाइलमध्ये एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी ती पार बदलते. आमच्याकडे फाइल गेली की प्रेसच्या ऑपरेटरला फोन लावतो. तो त्याच्याकडची शेवटची आठ अक्षरं वाचतो, मी माझ्याकडची बघते. ‘सात, एफ, शून्य, बी...’ जुळलं की तो जेवायला जातो. दोन मिनिटांचं काम आहे, पण ऑक्टोबरात मशीनवर नंबर लागलेला असताना गेलेली पाळी परत मिळवायला दोन दिवस जातात.

प्रश्न : जाहिरातदार लोगो आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवतात. चालेल का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : फोटो म्हणून पाठवला तर नाही. व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं. लांब बाजू १६०० पिक्सेलवर आली की ३०० डीपीआयला जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर छापता येते, पान-जाहिरात विसरा. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, जसाच्या तसा येतो. ईमेलही चालेल, पण जीमेलची २५ एमबीची मर्यादा पूर्ण वापरता येत नाही. मेलमध्ये जोडताना फाइल साधारण एकतृतीयांशानं फुगते, तेव्हा १८ एमबीपर्यंतच बघा. आणि लोगोची मूळ कोरलड्रॉ फाइल मागायला लाजू नका, अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्ट लागू नये अशी आकारांत बदललेली.

प्रश्न : आमच्या ग्रंथालयानं जुने अंक स्कॅन केलेत, सुमारे २०० जीबी. पुण्याच्या प्रकाशकाला ऑनलाइन कसे पाठवावेत?
– कार्यवाह, कोल्हापूर

उत्तर : पाठवूच नका! २० एमबीपीएसनं अखंड चढवलं तरी बावीस तास. त्यापेक्षा हार्ड डिस्क घेऊन कुणालातरी सकाळच्या एसटीत बसवा, दुपारी पुण्यात. सीडीच्या काळात आम्ही पार्सल करायचो, पण दोनशे जीबीसाठी माणूसच हवा. डिस्क एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करा, कारण जुन्या फॅट-३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. सगळ्या फाइलींच्या एसएचएची यादी सोबत द्या, आणि सगळं जुळल्याचा प्रकाशकांचा निरोप येईपर्यंत तुमच्याकडच्या प्रतीतलं काही पुसू नका.