विचारा, सांगते : आजीचं होम सायन्स आणि नातीचं कॉलेज

प्रश्न : ताई, आम्ही वीस वर्षं कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आहोत. मुलगी यंदा हायस्कूल संपवेल. ती म्हणते, आधी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात बालविकास आणि कुटुंब हे विषय घेईन, मग युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होईन. माझ्या आईने एस.एन.डी.टी.तून होम सायन्स केलं होतं. भरतकाम, पाककृती, घरखर्चाची वही. नातीनेही तेच करायचं तर आम्ही इथवर आलो कशाला? त्यात व्हॉट्सअॅपवर रोज कुणाच्या तरी मुलाचं बर्कली नाहीतर डेव्हिस. मुलीची दोन वर्षं फुकट जाणार नाहीत ना?
— एक बाबा, फ्रीमाँट

उत्तर : व्हॉट्सअॅपचं आधी उरकते. ट्रान्सफर होऊन आलेल्या मुलाच्या पदवीवर युनिव्हर्सिटीचंच नाव असतं. पहिली दोन वर्षं कुठे काढली, ते त्यावर छापत नाहीत. आणि डेव्हिसचंच कौतुक असेल, तर मानव विकास हा विषय तिथेही पदवीला आहे.

आता तुमच्या आईंचं होम सायन्स. हा विषय अमेरिकेत ज्यांनी उभा केला त्यात एलन स्वॅलो रिचर्ड्‌स आघाडीवर होत्या. एमआयटीतून पदवी घेणाऱ्या पहिल्या बाई, 1873 साली, रसायनशास्त्रात. मॅसॅच्युसेट्‌सच्या नद्या-तळ्यांचं पाणी तपासणारी ही बाई 1899 मध्ये लेक प्लॅसिडला बैठक घेते आणि म्हणते, घर हाही विज्ञानाचा विषय आहे. तेव्हा भरतकाम नंतर चिकटलं म्हणा. इथे या विषयाला 'होम इकॉनॉमिक्स' म्हणत. त्याच्या संघटनेने 1994 मध्ये आपल्या नावातून ते काढून 'फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस' केलं, तेही या भरतकामाला कंटाळूनच असावं.

मी स्वतः एकोणचाळिसाव्या वर्षी बालविकासाच्या वर्गात जाऊन बसले. कोल्हापूरची बी.कॉम. अर्धवट, दोन मुलं, आणि शेजारच्या बाकावर एकोणीस वर्षांची पोरं. पहिलाच गृहपाठ निरीक्षणाचा होता. कॉलेजच्या आवारातच बालवाडी होती, भिंतीत एकतर्फी काच. काचेमागे वीस मिनिटं बसायचं, एकच मूल निवडायचं, दिसेल ते लिहायचं. मी तीन वर्षांचा एक मुलगा निवडला. तो जगमधून पेल्यात पाणी ओतत होता. मी लिहिलं, 'मुलगा हट्टी आहे, मदत घेत नाही.' वही परत आली तेव्हा 'हट्टी'भोवती हिरव्या शाईचं गोल आणि शेजारी प्रश्न : 'हे तुम्हाला कुठे दिसलं?'

रागच आला. दोन पोरांची आई मी, मला हट्टी कळत नाही? पुन्हा जाऊन बसले. या वेळी लिहिलं : जग दोन्ही हातांनी धरला. पाणी पेल्याबाहेर गेलं. बाईंनी हात पुढे केला, त्याने कोपर आडवं घातलं. स्पंज आणला. पुसलं. पुन्हा ओतलं. असं चार वेळा. चौथ्यांदा पेला भरला आणि तो न पिताच निघून गेला.

त्या संध्याकाळी घरी धाकट्याच्या हातात दुधाचा कॅन दिला आणि ओट्यावर फडकं काढून ठेवलं. ओटा माखला तो माखलाच, पण मी गप्प बसले.

तुमची मुलगी हे शिकणार आहे, बाबा. सोबत संख्याशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, आणि घरात पैसा कसा फिरतो आणि त्यावरून भांडणं का होतात, तेही आहे. सोपा विषय म्हणून कुणी घेत असेल तर त्याने घेऊ नये.

वर्षं फुकट जाण्याची भीती मात्र खरी आहे, कारण माझं एक सत्र गेलंच. मी आधी वर्ग घेत सुटले आणि युनिव्हर्सिटी नंतर निवडली. माझ्या कॉलेजातल्या काउन्सेलरने पंधरा मिनिटांत 'हो हो, चालतील' म्हणून मोकळं केलं. संगणक उघडून पाहिलंसुद्धा नाही. युनिव्हर्सिटीने 'लग्न आणि कुटुंब'चा वर्ग नुसता ऐच्छिक म्हणून धरला, मुख्य विषयात नाही. संख्याशास्त्र आधी हवं होतं, ते मी केलेलंच नव्हतं.

म्हणून उलटीकडून सुरुवात करा. आधी पोहोचायचं कुठे ते ठरवा, मग पहिल्या सत्राचे वर्ग. नावांनी फसू नका. कॅल स्टेट म्हणजे राज्याच्या युनिव्हर्सिटींची एक व्यवस्था, तिची आवारं गावोगाव. त्यातल्या नॉर्थरिजला कुटुंब आणि ग्राहक विज्ञान हा एक विभाग आणि बाल व किशोर विकास हा दुसरा. फ्रेस्नोला मूल आणि कुटुंब एकाच विभागात. तुम्हाला जवळच्या सॅन होजे स्टेटला बाल व किशोर विकास. असिस्ट डॉट ऑर्ग या अधिकृत संकेतस्थळावर तुमचं कॉलेज, युनिव्हर्सिटी आणि विषय टाकला की कोणता वर्ग कशाच्या जागी धरतात ते समोर येतं. ते पान छापून घ्या आणि मगच मुलीला काउन्सेलरकडे पाठवा.

कॅलिफोर्नियात 2010 च्या कायद्याने ट्रान्सफरसाठीची खास असोसिएट पदवी आली. 60 युनिटांची (युनिट म्हणजे वर्गांचं वजन मोजायचं माप) ती पदवी घेतली की कॅल स्टेटच्या व्यवस्थेत तिसऱ्या वर्षात जागा पक्की. पण व्यवस्थेत. हव्या त्याच आवारात मिळेल असं कायदा म्हणत नाही, आणि लोक नेमकं एवढंच ऐकत नाहीत. बाल व किशोर विकासात ही पदवी आहे. तुमच्या कॉलेजात ती मिळते का, ते आधी विचारा.

पैशाचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. इथल्या रहिवाशाला एका युनिटला 46 डॉलर, म्हणजे 60 युनिटांचे 2,760. पुस्तकं वेगळी. पहिल्यांदाच पूर्णवेळ येणाऱ्या मुलांना बरीच कॉलेजं दोन वर्षं ही फीसुद्धा माफ करतात.

आणि पुढे काय, तर बालविकासाची 12 युनिटं आणि सहा महिन्यांचा अनुभव झाला की खासगी बालवाडीत शिक्षिका होता येतं. पगार बेताचाच, खोटं कशाला सांगू. कुटुंब समुपदेशक व्हायचं तर एम.ए. आणि वर 3,000 तासांची उमेदवारी. हॉस्पिटलात आजारी मुलांसोबत काम करणारे चाइल्ड लाइफ स्पेशालिस्ट असतात, त्याबद्दल मुलीला विचारून पाहा. तिला बहुधा आधीच माहीत असेल.

प्रश्न : जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळालेल्या एच-4 व्हिसावर आहे, सनीवेलला. मलाही हा कोर्स करता येईल का? होम सायन्सची दोन वर्षं पुण्यात झाली आहेत.
— स., सनीवेल

उत्तर : येईल. एच-4 वर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहून झालं असेल आणि कागद दाखवता आले, तर रहिवाशाची फी मागता येते. भाडेकरार आणि टॅक्सचे कागद काढून ठेवा. गुणपत्रिकांचं मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्या. मुंबई-पुण्याहून सीलबंद पाकीट मागवायला फार वेळ जातो, तेव्हा आजच भावाला किंवा वडिलांना कामाला लावा. बालवाडीतलं प्रात्यक्षिक विनापगारी असेल तर अडचण नाही. पगारी नोकरीला मात्र वर्क परमिट हवंच. क्षयाची चाचणी आणि गोवराच्या लसीचा दाखला मागतील. आईकडे लसीकरणाचं जुनं कार्ड असेल, तर ते पिवळं पडलेलं का असेना, फोटो मागवून ठेवा.