पोकर टूर्नामेंटमध्ये एक्क्यांची किंवा राजांची जोडी हातात आली की गपचूप लिंप करावं की थेट ऑल-इन?

लिंप (रकमेत वाढ न करता फक्त किमान रक्कम टाकून आत येणं) नको, एवढं आधीच सांगतो. तुम्ही लिहिलंय की एक्क्यांची जोडी घेऊन रेझ केला, म्हणजे रक्कम वाढवली की सगळे पळतात आणि लिंप केलं की चार जण आत येतात आणि त्यातला कोणीतरी दोन पेअर लावून जातो. अहो पण त्या चौघांना आत तुम्हीच घेतलंत ना! समोर एकटाच असेल आणि त्याच्याकडे कसलीही पानं असतील तर एक्के साधारण 85 टक्के वेळा जिंकतात, चौघं असले की तेच 56 च्या आसपास येतं. त्यात बिग ब्लाइंडवाला (पानं बघण्याआधीच सक्तीची मोठी रक्कम भरलेला) फुकटात सत्ती-दुर्री घेऊन बसलेला, त्याच्याकडे काय आहे याचा पत्ताच लागत नाही. पळाले तर पळू देत, ब्लाइंड आणि अँटी (डावाआधी भरलेल्या सक्तीच्या रकमा) तुमच्याच.

आता रेझ किती, तर ते तुमच्याकडे किती ब्लाइंड उरलेत त्यावर आहे. समजा ब्लाइंड 500-1000 आणि तुमच्याकडे 40 हजारांच्या चिप्स, म्हणजे 40 बिग ब्लाइंड. 2200-2300 करा आणि हाच आकडा सगळ्या हातांना ठेवा, एक्के आले की 5000 आणि दश्शीची जोडी आली की 2000 असं केलंत तर टेबलावरचे लोक काय आंधळे नसतात. (गोव्यात कॅसिनोच्या बोटीवर वीकेंडला लोक काहीही घेऊन कॉल करतात, म्हणजे तेवढेच पैसे टाकून आत येतात, तिथे 3000 केले तरी चालतं.) तुमच्या रेझवर बटनवरून (फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलायची जागा) कोणी 7500 मारले आणि तुमच्याकडे एक्के किंवा राजे आहेत, तर 16-17 हजार करा, लगेच सगळं ढकलून त्याचा ब्लफ पळवून लावू नका.

एक एक्का आणि एक राजा असेल तर मात्र मी तिथे सरळ ऑल-इन (सगळ्या चिप्स पुढे) जातो, कारण फ्लॉपला (टेबलावरच्या पाच सामायिक पानांतली पहिली तीन) पेअर तीनातून एकदाच लागते, आधीच आत गेलो की पाचही पानं बघायला मिळतात आणि समोरचा नश्शी-दश्शीच्या जोड्या टाकूनही देतो. राण्यांची जोडी घेऊन कोणी कॉल केला तरी जिंकायची शक्यता 43 ते 46 टक्के आहेच. मार बसतो तो एक्क्यांच्या किंवा राजांच्या जोडीसमोर, पण एकेक पान तुमच्याच हातात असल्यामुळे त्या जोड्या सहाऐवजी तीन-तीनच प्रकारे बनू शकतात.

10-12 ब्लाइंडच उरले असतील तर विचार नकोच, ढकला.

गुलामाची जोडी सगळ्यांनाच छळते. फ्लॉपला निम्म्याहून जास्त वेळा वरचं पान येतंच, एक बेट मारा, रेझ आला की सोडा.

आणि हरण्याचं म्हणाल तर 2017 च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटला व्हेनेसा सेल्बस्ट या नामवंत खेळाडूकडे एक्क्यांची जोडी होती, फ्लॉपला तिसरा एक्काही आला, समोर गाएल बाउमनकडे सत्त्यांची जोडी, फ्लॉपला तिसरी सत्ती आणि टर्नला (चौथ्या सामायिक पानाला) चौथी. पहिल्याच लेव्हलला बाहेर! यात तिचं काय चुकलं, तर फारसं काहीच नाही.

एकच ठिकाण वेगळं, सॅटेलाइट, म्हणजे मोठ्या टूर्नामेंटची सीट जिंकायची छोटी टूर्नामेंट. 10 सीट आहेत, 11 जण उरलेत, तुमच्याकडे भरपूर चिप्स आहेत, एकाकडे जेमतेम दोन ब्लाइंड, आणि तुमच्यापेक्षा जास्त चिप्स असलेला ऑल-इन गेला, तर एक्केसुद्धा फोल्ड करा, कारण तिथे पहिल्याला आणि दहाव्याला मिळते ती सीट सारखीच.